अर्ध्या तिकिटात समुद्र

अंबाजोगाईहून समुद्र किती लांब? नकाशावर पट्टी ठेवून पश्चिमेकडे मोजलं तर साधारण साडेतीनशे किलोमीटर. मध्ये सह्याद्री आडवा येतो, म्हणजे एक घाट उतरायचा. बस्स. तरीही आमच्या गल्लीतल्या पन्नाशी ओलांडलेल्या बायका मी एकदा बोटांवर मोजल्या, तर समुद्र पाहिलेल्या दोघीच निघाल्या. एकीने हजला जाताना विमानाच्या खिडकीतून पाहिला. दुसरी मुलाच्या ऑपरेशनसाठी मुंबईला गेली होती, तेव्हा हाजी अलीच्या वाटेवर पाच मिनिटं उभी राहिली. तिला विचारलं, "कसा होता गं?" तर म्हणाली, "माझं सारं ध्यान दवाखान्यात होतं."

वाचक भगिनींनो, या वेळी मी तुम्हाला ज्या सफरीबद्दल सांगणार आहे तिच्यात दवाखाना नाही, लग्न नाही, मय्यत नाही. मी आणि माझी मैत्रीण, दोघीच, एसटीने घाट उतरून समुद्र पाहून आलो. मैत्रीण सरकारी नोकरीतून निवृत्त झालेली नर्स आहे. सगळं गाव तिला सिस्टर म्हणतं, म्हणून इथेही सिस्टरच म्हणते.

सुरुवात तिकिटापासून झाली. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. सिस्टर लातूरला लेकीकडे जाते, तेव्हा दर वेळी कंडक्टरकडून अर्धं तिकीट घेते आणि दर वेळी म्हणते, "बघ, अर्धे पैसे वाचले. हे वाचलेले पैसे कुठे जातात?" एका दिवशी तिने स्वतःच उत्तर दिलं. वहीच्या कागदावर स्वारगेट, माणगाव, महाड, दापोली, दाभोळ, गुहागर, चिपळूण, कराड अशी नावं एकाखाली एक लिहून आणली आणि माझ्यापुढे ठेवली. एका घाटाने खाली, दुसऱ्या घाटाने वर.

मुलांच्या अब्बांनी कागद नीट वाचला आणि एवढंच विचारलं, "चिपळूणहून कराडला रात्रीची गाडी घेऊ नका, घाट आहे." माझी त्यांच्याकडून याहून वेगळी अपेक्षा नव्हती. खरा प्रश्न बाकीच्या घराचा. सासूबाई म्हणाल्या, "कोण वारलंय तिकडे?" धाकटे दीर म्हणाले, "दोघीच? महरम कोण?"

हा प्रश्न टाळून पुढे जाणं मला योग्य वाटत नाही. महरमशिवाय बाईने लांबचा सफर करावा की नाही, याबद्दल उलेमांची मतं एक नाहीत. मी आलिमा नाही. ज्यांच्या घरी जे मत मानलं जातं, त्यांनी ते मानावं. आपल्या देशात २०१८ पासून ४५ वर्षांवरच्या बायकांना, ज्यांच्या मसलकमध्ये ते चालतं त्यांना, चौघींचा गट करून महरमशिवाय हजला जाता येतं, आणि दरवर्षी बायका जातातही. पण माझं म्हणणं वेगळं आहे. सिस्टरने सारी नोकरी रात्रपाळ्या केल्या. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा ती नव्यानेच लागली होती, कित्येक रात्री घरी आली नाही. लेकीच्या बाळंतपणाला एकटी गेली, भावाच्या मय्यतला हैदराबादपर्यंत एकटी गेली. मी शाळेच्या प्रशिक्षणांना औरंगाबादला, पुण्याला एकटी जाऊन आले. तेव्हा महरमचा प्रश्न कुणालाही सुचला नाही. काम, आजार, दुःख यांसाठी बाई एकटी निघाली तर चालतं. डोळ्यांनी काही पाहायला निघते म्हटलं, की सगळ्यांना मसला आठवतो. दिरांना मी हेच सांगितलं, आवाज न चढवता. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "पोचल्यावर फोन करत जा, भाभी."

सप्टेंबरचे शेवटचे दिवस होते. रात्रीच्या गाडीने पुणं गाठलं आणि सकाळी स्वारगेटहून श्रीवर्धनची गाडी धरली. पौड मागे पडलं, मुळशीचं धरण लागलं. आम्ही दोघी खिडकीपाशी. धरण भरलेलं, आणि काठावरचं गवत इतकं हिरवं की सिस्टर म्हणाली, "रंग लावलाय का?" या धरणाच्या जमिनींसाठी १९२१ साली मुळशीचा सत्याग्रह झाला, सेनापती बापटांचं नाव त्यातूनच पुढे आलं. इथलं पाणी डोंगरातून खाली कोकणात भिऱ्याच्या वीजघराकडे सोडतात.

पुढे ताम्हिणी घाट. आता, आम्ही बालाघाटच्या डोंगरावर राहणारी माणसं. डोंगर आम्हाला नवा नाही. पण आमचा डोंगर आधी उघडा, मग काळा, मग पिवळा. वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही मनात आलं तर. कोकणात तो तीन हजारांच्या वर जातो. ताम्हिणीत दर वळणावर कड्यावरून पाणी सुटलेलं, कुठे दोरीसारखं, कुठे चादरीसारखं, आणि ते पाणी रस्त्यावरून वाहत दरीत उतरतंय. कुणी हंडा लावलेला नाही, कुणी नंबर धरलेला नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं, त्या उन्हाळ्यात आमच्याकडेही मांजरा धरणाचा तळ उघडा पडला होता. सिस्टर तेव्हा वॉर्डात होती. पेशंटच्या नातेवाइकांना आधी पाण्याचं विचारावं लागे, औषधाचं नंतर. ती ताम्हिणीत काहीच बोलली नाही. खिडकीतून हात बाहेर काढून ओला केला आणि तोंडावरून फिरवला. कंडक्टर ओरडला, "मावशी, हात आत!" तेव्हा हसली.

माणगावला गाडी बदलून महाड. तिथे सिस्टरची ट्रेनिंगमधली एक जुनी सोबतीण राहते, तिच्याकडे मुक्काम. संध्याकाळी तिने चवदार तळ्यावर नेलं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळीने पाणी घेतलं ते हे तळं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये परिषदेच्या मंडपाला कुणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. हे आमच्या पाठ्यपुस्तकात मी कधी शिकवलं नाही. पुढच्या वर्षी शिकवीन.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर दापोलीहून हर्णैला पोचलो. एसटी उतारावर वळली आणि नारळांच्या मधून एकदम निळा पट्टा दिसला. तो पट्टा वर, आकाशाला लागून होता. मला वाटायचं समुद्र खाली असतो. दोघी एकदमच म्हणालो, "सुभानअल्लाह."

हर्णैचा मासळीचा लिलाव पाहण्यासारखा आहे. होड्या खोल पाण्यात थांबतात, आणि बैलगाड्या समुद्रात शिरून मासळीच्या टोपल्या किनाऱ्यावर आणतात. बैलांच्या पोटापर्यंत लाटा. किनाऱ्यावर ढीग मांडले जातात आणि बोली सुरू होते. बोली करणाऱ्यांत बायका पुढे! भाव पाडणं, हिशोब मिटवणं, टोपली उचलून डोक्यावर घेणं सगळं त्याच करतात. या किनारपट्टीवर कोळी आहेत तसे दालदी मुसलमानही आहेत, त्यांचाही पिढ्यान्‌पिढ्या मासेमारीचाच धंदा. सिस्टरने पापलेटचा भाव विचारला आणि ऐकून दोन पावलं मागे सरकली.

सूर्य खाली आला तशा आम्ही वाळूत लांब चालत गेलो. चपला हातात. बुरख्याची कड भिजून जड झाली. पाणी कोमट असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. समोर सुवर्णदुर्गाची काळी भिंत, तिच्या पलीकडे काहीच नाही. मगरिबची वेळ झाली म्हणून फोनवर किब्ला पाहिला. सूर्य जिथे बुडाला होता, त्याच्या किंचित उजवीकडे. म्हणजे थेट समुद्रात. आम्ही कोरड्या वाळूत ओढण्या अंथरून नमाज अदा केली. मगरिबला कसर नसते, तीन रकाती पूर्ण. सलाम फेरल्यावर माझ्या ध्यानात आलं की नमाज शिकले तेव्हापासून मी रोज याच समुद्राकडे तोंड करून उभी राहत आले. मध्ये फक्त आमची भिंत होती, गल्ली होती, आणि साडेतीनशे किलोमीटर.

तोपर्यंत अंधार पडला. लॉज पाहायला गेलो. गावाचं नाव सांगत नाही, लॉजचंही नाही. काउंटरवरच्या माणसाने आमच्या मागे पाहिलं. "जेन्ट्स गाडी लावतायत का?" नाही म्हटल्यावर त्याने रजिस्टर मिटलं. "एकट्या लेडीजना देत नाही." दोघी आहोत, एकट्या कशा, असं सिस्टरने विचारलं. आधार कार्ड पुढे केलं, तिचं निवृत्त कर्मचाऱ्याचं ओळखपत्र पुढे केलं. त्याने नावं वाचली, आणखी एकदा नाही म्हटलं. दुसऱ्या लॉजवर खोल्या भरल्या होत्या म्हणे, पण आवारात एकही गाडी नव्हती. शेवटची एसटी गेलेली. घरून फोन आला, "पोचलात का?" मी म्हटलं, "पोचलो, अल्हम्दुलिल्लाह." ते खोटं नव्हतं, पोचलो तर होतोच.

किराणा दुकानाच्या पायरीवर बसून बिस्किटं खात होतो. साबण घ्यायला आलेल्या एका वयस्क बाईंनी आमच्या पिशव्या पाहिल्या, बुरखे पाहिले आणि सलाम केला. चौकशी केली. सगळं ऐकून घेऊन दुकानदाराला म्हणाल्या, "साबण दोन दे." आणि आम्हाला म्हणाल्या, "चला."

त्यांच्या घरी आम्ही दोन रात्री राहिलो. उतरत्या कौलांचं घर, पुढे लांब पडवी, मागे विहीर आणि सुपारीची बाग. आम्ही त्यांना खालाजान म्हणू लागलो. त्यांचा एक मुलगा कुवेतला, एक जहाजावर. सुना आणि नाती घरात. कोकणी मुसलमानांची ही जुनी रीत आहे. पुरुष दर्यावर नाही तर परमुलखात, कुणी मुंबई, कुणी आखात, जुन्या पिढीतले तर पार केपटाउनपर्यंत गेलेले. घर, बाग, जमिनीचे कागद, बँक, मुलांची शाळा सगळं बायकांच्या हातात. "आमच्याकडे महरमची वाट पाहत बसलो असतो तर बागेला पाणी कुणी घातलं असतं?" असं खालाजान म्हणाल्या, तेही पान लावता लावता, वाद घालण्याच्या सुरात नव्हे.

भाषेची मोठी गंमत झाली. आम्ही दोघी आपसात आपल्या दखनीत बोलायचो, "हौ", "नक्को", "कायकू". नाती तोंडावर ओढणी घेऊन हसायच्या. त्या आपसात कोकणी बोलायच्या, ती आम्हाला निम्मी कळायची आणि निम्मी हेल काढून निघून जायची. मग दोन्हीकडून मराठी सुरू झाली आणि काम भागलं. पाहुणे येतात तेव्हा उर्दू बोलायचं, हा आमच्याकडचा रिवाज तिथे कामाला आला नाही. जेवायला तांदळाची भाकरी, माशाचं नारळातलं कालवण, कोकमाची कढी, आणि सकाळी सांदण. सिस्टरने तिसऱ्या जेवणाला पिशवीतली ज्वारीची भाकरी काढली, आपल्याकडून नेलेली, कडक झालेली. खालाजानने ती मोडून कढीत बुडवली आणि चवीने खाल्ली.

त्यांनीच दाभोळच्या मशिदीचं सांगितलं. दाभोळ हे बहामनी आणि आदिलशाही काळातलं मोठं बंदर. अरबस्तानातून घोडे इथे उतरत, दख्खनचे हाजी इथून जहाजात चढत. १५०८ सालच्या अखेरीस पोर्तुगीजांनी ते जाळलं, पण बंदर पुन्हा उभं राहिलं. आज ते एक झोपलेलं गाव आहे. जेट्टीजवळ माडांच्या सावलीत काळ्या दगडाची मोठी मशीद आहे. लोक तिला अंडा मशीद म्हणतात, माँसाहेबा मशीद असंही म्हणतात. घुमट, मिनार, आणि दगडावर बारीक नक्षी. तिची कथा अशी सांगतात की विजापूरच्या राजघराण्यातली आयेशा बीबी हजला निघाली. मोठा लवाजमा घेऊन घाट उतरली, दाभोळला आली. पण समुद्रावर चाच्यांची भीती होती, जहाज सोडता येईना. वाट पाहून पाहून शेवटी तिने हजसाठी आणलेला पैसा या मशिदीला लावला.

कथेत किती खरं, हे इतिहासवाले सांगतील. आम्ही मशिदीच्या पायऱ्यांवर बसलो होतो, समोर खाडीचं पाणी चमकत होतं. सिस्टर म्हणाली, "म्हणजे तीही समुद्रापर्यंतच आली." मग थोडं थांबून, "पण लवाजमा घेऊन. आपण एसटीने." दगडी बांधकाम इतक्या पावसात टिकून आहे, पण जागोजागी गवत फुटलंय, भिंतीवर शेवाळ चढलंय. दौलताबाद, खुलदाबादला आपल्याकडून सहली जातात. इथेही नेल्या पाहिजेत.

दाभोळहून पलीकडे धोपाव्याला फेरीबोट जाते. ट्रक, मोटारसायकली, माणसं, शेळ्या सगळं एकत्र. नाहीतर चिपळूणकडून मोठा वळसा. त्या दिवशी वारा होता. बोट खाडीच्या तोंडाशी आली तशी समुद्राची लाट आडवी लागू लागली. लोखंडी पत्रा पायाखाली वर जायचा आणि खाली बसायचा. मी खांबाला मिठी मारून आयतुल कुर्सी पढत होते. किल्लारी पाहिलेली सिस्टर कठड्याला टेकून उभी. बोटीवरच्या एका शिक्षकांनी आमची बोली ऐकून कुठून आलात विचारलं. बीड जिल्हा म्हटल्यावर त्यांनी पाण्याकडे बोट दाखवलं. "हे पाणी बघून घ्या. हे इकडचं नाही."

ही वाशिष्ठी नदीची खाडी. कोयना धरणाचं पाणी डोंगराच्या पोटातून बोगद्यांनी पश्चिमेला आणतात, पोफळीच्या वीजघरात ते वीज करतं आणि मग वाशिष्ठीत सोडलं जातं, तिथून समुद्रात. कोयना खरं तर पूर्वेला कृष्णेकडे जाणारी नदी. कृष्णा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी असं पश्चिमेला वळवायची मुभा दिलेली आहे. ते आमच्या वाट्याचं होतं असं म्हणता येणार नाही. अंबाजोगाई गोदावरीच्या खोऱ्यात, कोयना कृष्णेच्या. शिवाय त्याच विजेवर महाराष्ट्रात दिवे लागतात, आमच्या घरातही. हे सगळं मला कळत होतं. तरी पाण्याकडे पाहताना बरं वाटलं नाही. आणि कोकणाला पाणी पुष्कळ म्हणून कोकण सुखी, असंही नाही. पुढे चिपळूणला २२ जुलै २०२१ च्या पुराच्या खुणा दुकानांच्या भिंतींवर लोकांनी दाखवल्या, माझ्या डोक्याच्या किती तरी वर. एका दुकानदाराने सांगितलं, मार्च-एप्रिलमध्ये डोंगरातल्या वाड्यांना टँकर लागतो. टँकर हा शब्द ऐकून सिस्टरला तिथे पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं.

मुलांच्या अब्बांनी सांगितल्याप्रमाणे कराडची गाडी दुपारची घेतली. जुहरची नमाज चिपळूण स्टँडवर अदा केली, चार रकातींच्या जागी दोन. जागा कुठे? स्टँडवर लेकुरवाळ्या बायकांसाठी हिरकणी कक्ष असतो. आत एक आई बाळाला घेऊन बसली होती, तिने सरकून कोपरा करून दिला आणि दाराशी जाऊन उभी राहिली, कुणी आत येऊ नये म्हणून. कपाळाला कुंकू, नाव विचारायचं राहून गेलं.

कुंभार्ली घाट अर्धा चढलो आणि परतीचा पाऊस सुरू झाला. विजा, वारा, धुकं, मग पुढच्या गाड्यांचे लाल दिवे. दरड आली होती. फार मोठी नाही, पण एक झाड आणि गाडीभर माती आडवी. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. एका बाजूला कडा, त्यावरून लाल पाणी दगड घेऊन येत होतं, दुसऱ्या बाजूला धुक्याखाली दरी. कड्याच्या बाजूला बसलेले सगळे हळूहळू दुसऱ्या बाजूला सरकले. कुणीतरी म्हणालं, "सगळे एका बाजूला नका बसू हो." एक पोर ओकत होतं, त्याची आई रडकुंडीला आलेली. सिस्टरने पिशवीतून ओआरएसची पुडी काढली, माझ्या बाटलीत कालवली, पोराला मांडीवर घेतलं आणि एक-एक झाकण पाजत बसली. एका म्हाताऱ्या बाबांना घाम फुटला, मधुमेह होता, त्यांच्या तोंडात खडीसाखर घातली, नाडी धरली. दोन तास ती सीटांच्या मधल्या वाटेत उभी होती. पुरुष मंडळी उतरून कोयत्याने फांद्या तोडत होती, पुढे जेसीबी येऊन माती सरकली. गाडी सुटली तेव्हा ते बाबा म्हणाले, "ताई, तुमच्याबरोबर कोणी नाही?" सिस्टर म्हणाली, "तुम्ही आहात की एवढे सगळे."

कराडला पोचेपर्यंत पंढरपूरची गाडी गेली होती. रात्र स्टँडवर काढली, चहा पीत, पाय पिशवीवर ठेवून. सकाळी पंढरपूर, मग बार्शी, मग कळंब. कळंबच्या पुढे दोन्ही बाजूला सोयाबीन पिवळं पडलेलं, काढणीला आलेलं, आणि आकाश कोरडं.

तेव्हापासून बायका विचारायला येतात. समुद्राबद्दल फार कमी विचारतात. "घरी काय सांगितलंत?" हे आधी विचारतात. मी जे सांगितलं ते वर लिहिलं आहे. सिस्टर मात्र तिचा कागद उतरवून देते आणि त्याखाली तिच्या सूचना असतात. पावसाळ्याच्या ऐन भरात जाऊ नका, घाट बंद पडतात. आधार कार्डाची झेरॉक्स जवळ ठेवा. रात्रीच्या मुक्कामाचं आधी फोनवर पक्कं करा आणि दोघीच आहोत हे आधीच सांगा. ज्वारीच्या भाकरी तीन दिवस टिकतात, चटणी कोरडी न्या. ओआरएसच्या चार पुड्या. घाटात उलटी होत असेल तर पुढच्या सीटवर बसा आणि खिडकीतून हात बाहेर काढू नका, कंडक्टर ओरडतो.